पाटीवरची मिनिटे

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील ओरलँडो आणि त्याच्या आसपासचा मुलूख एके काळी संत्र्यांच्या बागांसाठी ओळखला जात असे. 1 ऑक्टोबर 1971 रोजी या शहराच्या नैर्ऋत्येला वॉल्ट डिस्ने वर्ल्ड उघडले आणि त्या भागाचे अर्थकारणच पालटले. आज मॅजिक किंगडम, एप्कॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम अशी चार थीम पार्क तेथे आहेत. सगळा परिसर सुमारे 40 चौरस मैलांचा आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडे जाणारे आजी-आजोबा असोत वा सहल कंपनीबरोबर निघालेली कुटुंबे असोत, नातवंडांच्या आग्रहामुळे ओरलँडोचे नाव प्रवासाच्या यादीत येतेच.

यांतील मॅजिक किंगडम सर्वांत जुने. आपले वाहन वाहनतळावर ठेवल्यानंतर तळ्यावरून बोटीने किंवा मोनोरेलने प्रवेशद्वारापाशी जावे लागते. आत शिरताच शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन गावाची आठवण करून देणारा रस्ता लागतो आणि त्याच्या टोकाला सिंड्रेलाचा 189 फूट उंचीचा किल्ला दिसतो. पहिली पाच मिनिटे सर्वांच्या नजरा त्या किल्ल्यावर खिळतात. त्यानंतर मात्र जो तो एका आकड्याच्या शोधात असतो. प्रत्येक राइडच्या दाराशी एक पाटी असते आणि तीवर रांगेत किती मिनिटे लागतील ते लिहिलेले असते. तोच आकडा मोबाइलमधील अ‍ॅपवरही दिसतो. कोठे जायचे, कोठे नाही, जेवण आधी की राइड आधी, हे सारे त्या आकड्यावर ठरते.

या आकड्याचे मोल पैशांत सहज काढता येते. समजा, एका दिवसाचे तिकीट माणशी 150 डॉलर आहे आणि उद्यान बारा तास उघडे आहे. चौघांच्या कुटुंबाने 600 डॉलर मोजले, म्हणजे तासाला 50 डॉलर पडले. साठ मिनिटांच्या रांगेत उभे राहणे म्हणजे 50 डॉलरचा व्यवहार करणे होय. एवढा व्यवहार ज्या आकड्याच्या भरवशावर करायचा, तो आकडा खरा किती, हा प्रश्न म्हणूनच साधा राहत नाही.

आकडा तयार करण्याची एक जुनी रीत अशी आहे. रांगेत शिरणाऱ्या एखाद्या पाहुण्याच्या हाती कर्मचारी गळ्यात अडकवायचे एक लाल कार्ड देतो. देतानाची वेळ यंत्रात नोंदली जाते. राइडमध्ये बसण्यापूर्वी पाहुणा ते कार्ड परत करतो, तेव्हाची वेळही नोंदली जाते. दोहोंतील अंतर ही झाली प्रत्यक्ष प्रतीक्षा. पूर्वी बँकेत पितळी टोकन घेऊन बसलेल्यांना ही रीत लगेच उमगेल. मात्र तिच्यात एक उणीव आहे. अकरा वाजता रांगेत शिरलेला माणूस अकरा पन्नासला राइडमध्ये बसला, तर कार्ड पन्नास मिनिटे सांगते. ती त्याची पन्नास मिनिटे असतात. अकरा पन्नासला रांगेत शिरणाऱ्याची नव्हेत. मधल्या वेळात दोनशे माणसे वाढली असतील किंवा निम्मी जेवायला गेली असतील.

नव्याने येणाऱ्याची प्रतीक्षा काढायची तर पुढे किती माणसे आहेत आणि राइड तासाला किती माणसे नेते, या दोन संख्या हव्यात. रांगांचे हे शास्त्र शंभराहून अधिक वर्षांचे आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील एर्लांग या गणितज्ञाने 1909 मध्ये त्याचा पाया घातला. रांगेची लांबी, लोक येण्याचा वेग आणि प्रतीक्षा यांचे साधे नाते जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केले. पुढे 600 माणसे असतील आणि राइड तासाला 1200 माणसे नेत असेल, तर प्रतीक्षा अर्ध्या तासाची. म्हणूनच नुसत्या डोळ्यांना रांग फसवते. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’मध्ये मोठ्या होड्या एकामागून एक सुटतात, त्यामुळे लांबलचक रांगही भराभर सरकते. 1971 पासून चालू असलेल्या ‘पीटर पॅन्स फ्लाइट’मधील हवेत तरंगणाऱ्या नावा लहान आहेत, तेथे आटोपशीर दिसणारी रांगही पाय दुखवते.

या सोप्या भागाकारात पुढे एक नवी संख्या शिरली. 1999 पासून डिस्नेच्या उद्यानांत ‘फास्टपास’ची सोय होती. ठरावीक वेळेची चिठ्ठी घ्यावी आणि त्या वेळी वेगळ्या रांगेतून आत जावे. त्यासाठी जादा पैसे पडत नसत. ऑक्टोबर 2021 मध्ये तिची जागा पैसे देऊन घ्यायच्या ‘लाइटनिंग लेन’ने घेतली. सुरुवातीला ओरलँडोत त्यासाठी माणशी दिवसाला 15 डॉलर पडत. वर्षभराने तो दर तारखेनुसार बदलू लागला. राइडची क्षमता मात्र होती तेवढीच राहिली. वरच्या उदाहरणातील 1200 जागांपैकी 800 जागा लाइटनिंग लेनला दिल्या, तर साध्या रांगेला तासाला 400 उरतात. मग त्याच 600 माणसांची प्रतीक्षा अर्ध्या तासावरून दीड तासावर जाते. लाइटनिंग लेनमधून दर घटकेला किती माणसे येतील ते बदलत असल्याने साध्या रांगेचा अंदाज बांधणेही अवघड होते.

इतक्या अडचणी पाहता पाटीवरचा आकडा कधी कमी, कधी जास्त चुकायला हवा. प्रत्यक्षात चूक बहुधा एकाच बाजूला झुकते. डिस्ने वर्ल्डवरील ‘अनऑफिशियल गाइड’चे सहलेखक आणि संगणकतज्ज्ञ लेन टेस्टा यांनी प्रवाशांकडून घड्याळ लावून मोजलेल्या वेळा वर्षानुवर्षे जमवल्या आहेत. लागलेला वेळ पाटीवरच्या वेळेपेक्षा बहुतेकदा कमी भरतो, असे त्यांतून दिसते. उद्यान बंद होण्याच्या सुमारास हे अधिक जाणवते. बंद होण्याच्या क्षणापर्यंत जो रांगेत शिरेल त्याला राइडमध्ये बसू देण्याची तेथे रीत आहे. साहजिकच शेवटच्या तासात आकडा चढा असेल तर गर्दी आपोआप पांगते. ‘टॉवर ऑफ टेरर’ आणि ‘हाँटेड मॅन्शन’ या भुताटकीच्या राइडच्या पाटीवर कधी कधी 13 मिनिटे झळकतात. एरवी आकडे पाचाच्या पटीत असतात. तेरा हा पाश्चात्त्यांचा अशुभ अंक असल्याने ही थट्टा केलेली असते. तेथे रांग जवळजवळ नसते, एवढाच तिचा अर्थ.

आकडा वाढवून सांगण्यामागे मनुष्यस्वभावाची ओळख आहे. व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी 1985 मध्ये रांगांच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. ग्राहकाचे समाधान हे प्रत्यक्ष अनुभव आणि अपेक्षा यांतील अंतरावर ठरते, असे त्यांचे म्हणणे आहे. साठ मिनिटे सांगून चाळिसाव्या मिनिटाला आत घेतले, तर माणूस खूश होतो. तीस सांगून चाळीस लावली, तर तोच माणूस कुरकुरतो. आठ दिवसांचा वायदा करून सहाव्या दिवशी माल पोहोचवणारा व्यापारी हेच करत असतो, आणि त्याला कोणी खोटा म्हणत नाही.

तरीही दोहोंत फरक आहे. वायदा करणारा व्यापारी एकाच ग्राहकाशी बोलतो. पाटी रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलते. तिच्यावर साठ लिहिलेले असताना खरी प्रतीक्षा चाळीस मिनिटांची असेल, तर रांगेत उभा राहिलेला वीस मिनिटे कमावतो. परंतु साठ वाचून मागे फिरलेल्या कुटुंबाची राइड हुकते, आणि ती विनाकारण हुकली हे त्याला कधीच कळत नाही. त्याची तक्रार कोणत्याही नोंदवहीत येत नाही. तिसरा ग्राहक साठ मिनिटे वाचतील या हिशेबाने लाइटनिंग लेनचे पैसे भरतो आणि त्याची वाचतात चाळीस. फास्टपास विनामूल्य होता तोवर वाढीव आकडा ही गर्दी आवरण्याची आणि पाहुण्यांना खूश ठेवण्याची युक्ती म्हणता येत असे. आता तोच आकडा शेजारी विकल्या जाणाऱ्या सेवेची किंमत पटवून देतो. तो त्याच हेतूने वाढवला जातो, असे म्हणायला पुरावा हवा. पण मापही दुकानदाराचे आणि मालही दुकानदाराचा, अशी स्थिती असली की मापाची तपासणी बाहेरच्याने करावी, हा बाजाराचा जुना नियम आहे. वजनकाट्यावर सरकारी शिक्का असतो. मिनिटांच्या पाटीवर तो नसतो.

आकडा उलट बाजूने चुकण्याचे प्रसंगही ध्यानात ठेवावेत. जून ते सप्टेंबर या काळात ओरलँडोत दुपारी वारंवार विजांचा कडकडाट होतो. उघड्यावरच्या राइड तेव्हा थांबवतात आणि तेथली गर्दी छपराखालच्या राइडकडे लोटते. अशा वेळी पाटी मागे पडते. चालू राइड मध्येच बंद पडली, तर रांगेत उभ्या असलेल्यांसाठी आधीचा आकडा निरर्थक होतो. सकाळी दार उघडताच एखाद्या लोकप्रिय राइडकडे झुंबड उडते, तेव्हा दहा मिनिटांची पाटी वाचून आत शिरलेल्यासमोर प्रत्यक्षात कितीतरी मोठी रांग असू शकते.

यावर उपाय आहे तो हिशेबी माणसाचाच. रांगेत शिरताना पाटीवरचा आकडा आणि घड्याळातील वेळ टिपून ठेवावी. राइडमध्ये बसताना पुन्हा वेळ पाहावी. दुपारपर्यंत तीन-चार नोंदी हाती येतात आणि त्या दिवशी पाटी खरेपासून किती दूर आहे याचा अंदाज लागतो. साठाची पाटी चाळीस मिनिटांत आत सोडत असेल, तर पुढच्या नव्वदाच्या पाटीपुढे लगेच माघार घेण्याचे कारण नाही. जादा पैसे भरण्याचा निर्णयही या मेळानंतरच घ्यावा. संध्याकाळी गर्दी ओसरू लागल्यावर चढ्या आकड्याला भिऊ नये. सकाळच्या लहान आकड्यावर मात्र फार विसंबू नये. हे टिपण ठेवण्याचे काम नातवंडांकडे सोपवावे. रांगेत त्यांचा वेळ बरा जातो, आणि छापलेला आकडा स्वतः ताडून पाहण्याची सवय परत येताना त्यांच्यासोबत घरी येते.