स्मृतीचा आरंभ

मोजणी म्हटली की ती शून्यापासून किंवा एकापासून सुरू व्हावी, अशी आपल्या मनाची एक भाबडी समजूत असते. व्यवहार ती क्वचितच राखतो. इसवी सन आणि आपला शालिवाहन शक यांच्या आरंभांत ७८ वर्षांचे अंतर आहे. तथापि तेवढ्यावरून दोहोंपैकी कोणी खोटा ठरत नाही. आरंभ कोठे धरला आहे, हे मात्र आपणांस कोणीतरी आधी सांगावे लागते. या साध्या गोष्टीचे मर्म आम्हांस पटले ते पंचांगावरून नव्हे. धुण्याच्या यंत्रापासून मोटारीपर्यंत हरएक वस्तूच्या पोटात हल्ली जो इवलासा प्रोसेसर बसलेला असतो, त्याच्यावरून.

३२ बिटांच्या अशा प्रोसेसरपुढे ४,२९,४९,६७,२९६ पत्त्यांची लांबच लांब आळी पसरलेली असते. पण प्रत्येक घरात बिऱ्हाड असतेच असे नाही. काही पत्त्यांवर कायमचा कोरलेला आरंभीचा प्रोग्रॅम असतो, काहींवर घड्याळे, कळा, दिवे चालविणारी उपकरणे असतात, आणि पुष्कळ पत्ते नुसतेच ओस. लिहिता-पुसता येणारी खरी स्मृती, जिला रॅम म्हणतात, ती या आळीत कोठून सुरू व्हावी हे चिप घडविणाराने ठरवावयाचे. पहिल्या रास्पबेरी पायमध्ये ती शून्यापासून सुरू होते. ऑलविनर ए२० मध्ये १,०७,३७,४१,८२४ पासून. बीगलबोन ब्लॅकमध्ये तर निम्मी आळी ओलांडून २,१४,७४,८३,६४८ पासून. ५३,६८,७०,९१२ या पत्त्याची गंमत औरच आहे. एसटीएम३२ जातीच्या चिपमध्ये तेथे स्मृतीचा उंबरठा लागतो. पहिल्या रास्पबेरी पायमध्ये त्याच आकड्यापासून उपकरणांची वस्ती सुरू होते. एकीकडे जी चिठ्ठी निमूटपणे ठेवून घेतली जाते, तीच दुसरीकडे हुकूम ठरू शकते!

वाचक म्हणतील, मग एकेक दार ठोठावून पाहावे. लिहिलेले परत वाचता आले की तेथे स्मृती आहे असे समजावे. परंतु हा मार्ग दिसतो तितका निर्धोक नाही. ओस पत्त्यावर हात घातला असता प्रोसेसर जागीच अडून बसण्याचा संभव असतो. उपकरणाच्या पत्त्यावर काही लिहिले तर भलतेच यंत्र चालू व्हावयाचे. शिवाय मोठ्या जागेत लहान स्मृती जोडलेली असली, तर तीच ती पुनःपुन्हा निरनिराळ्या पत्त्यांवर दिसते. प्रतिध्वनी ऐकून दुसरा मनुष्य बोलला असे वाटावे, तसा हा प्रकार. यू-बूट नावाच्या, यंत्र जागे करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असे प्रतिध्वनी ओळखून स्मृतीची लांबी काढणारी सोय आहे. पण तिच्या हाती आरंभाचा पत्ता आधीच द्यावा लागतो! लांबी मोजता येते; आरंभ सांगावा लागतो.

लिनक्समध्ये हे सांगण्याचे काम डिव्हाइस ट्री नावाची टिपणवही करते; तीत स्मृतीचा आरंभ व विस्तार दोन्ही नोंदलेले असतात. त्याच लिनक्सच्या ३२ बिटी आर्म शाखेत आणखी एक युक्ती आढळते. दाबून लहान केलेला गाभा जागा होऊन उलगडू लागतो, तेव्हा तो आपण स्वतः कोणत्या पत्त्यावर उभे आहोत हे पाहतो, आणि तेथून मागे सरकत १३,४२,१७,७२८ च्या पूर्ण पटीवर येऊन थांबतो. तोच स्मृतीचा आरंभ, असे तो धरून चालतो. युक्ती नामी खरी. पण स्मृतीचा आरंभ अशाच एखाद्या पटीवर असावा, आणि गाभा आणून ठेवणाराने तो आरंभापासून तेवढ्याच अंतराच्या आत ठेवलेला असावा, या दोन अटींवर ती उभी आहे. म्हणजे स्वतःच्या पायाखाली पाहून काढलेले अनुमानही अखेर दुसऱ्याच्या नेमस्तपणावरच विसंबते.

आम्हांस यात यंत्राचे न्यून दिसत नाही, कारण मनुष्याची स्थिती याहून वेगळी नाही. आमची सर्वांत जुनी आठवण म्हणजे माजघरातील झोपाळ्याच्या कड्यांची करकर आणि कोणाच्या तरी लुगड्याचा हिरवा काठ. ही खरोखर आमची आठवण, की आजीने वारंवार सांगितल्यामुळे उमटलेला प्रतिध्वनी, हे आतून तपासून कळत नाही. त्यापुढील वर्षे आम्ही बोटांवर मोजू शकतो. त्याच्या मागे काय होते ते सांगणारी माणसे होती, तोवर विचारण्याचे सुचले नाही असे नव्हे, विचारले तेवढेच हाती लागले. आजी गेली, आई गेली, आणि त्या टिपणवहीची उरलेली पाने त्यांच्याबरोबर मिटली. ज्यांच्या घरी झोपाळ्यावर अजून कोणी वडीलधारे बसलेले असेल, त्यांनी आजच संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसावे. पुढचे मोजावयास उभे आयुष्य आहे.