पश्मीच्या कानामागची गाठ

दिवाळीच्या सुट्टीत आठवीतला एक विद्यार्थी फाटकाशी येऊन उभा राहिला. हातात दोरी, दोरीला कुत्रा.

"सर, तुम्ही मांजरीचा गुंता सोडवता ना? याचा पण सोडवून द्या की."

आमच्या हिवरा आश्रमात गुराढोरांची, शेळ्यांची दुखणी घरोघरी कळतात. कुत्र्या-मांजरांच्या केसांची फिकीर कोण करतो? म्हणून माझं नाव झालं असावं. पण त्या नावाची किंमत आमच्या मन्नोनं मोजलेली आहे. मन्नो लांब केसांची मांजर. दोन वर्षांपूर्वी तिच्या बगलेत सुपारीएवढी गाठ झाली आणि मी सरळ कात्री घेतली. केसांऐवजी कातडी कापली. मेहकरला दोन टाके पडले. डॉक्टरांनी समजावलं, की गाठ आवळत जाते तशी खालची कातडी वर ओढली जाते. आपल्याला केस दिसतात तिथे कातडीची घडी असते, आणि मांजरीची कातडी फार पातळ. गाठ सोडवायच्या आधी आंघोळही घालायची नाही. ओली होऊन वाळली की तिचा नमदा होतो.

तर हा कुत्रा. कारवान कुत्र्यांमध्ये रेशमी केसांचे असतात, त्यांना पश्मी म्हणतात. 'पश्म' म्हणजे फारसीत लोकर. पश्मिना शाल त्याच शब्दाची. उर्दू शिकवणाऱ्याला एवढ्यानंच तो जवळचा वाटायला हवा होता. पण मी दोन पावलं मागे सरलो.

मांजरीचं आमच्याकडे अडत नाही. सहाबी अबू हुरैरांचं नावच मुळी मांजरीवरून पडलेलं. कुत्र्याची लाळ मात्र नापाक, लागली तर धुवायची. मसला लाळेचा, घराघरांत त्याचं 'कुत्र्याला शिवायचंच नाही' असं झालं. तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून पायातल्या मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची हदीस मी मुलांना दरवर्षी सांगतो. या पोरानंही ऐकलेली. आणि चाळिशी ओलांडली तरी मी कुत्र्याच्या अंगावरून कधी हात फिरवला नव्हता.

पोरगा माझ्याकडे बघत होता. मी अंगणात बोरा अंथरला.

सोयाबीन निघालं की बांधावर आघाडा आणि कुसळी वाळलेली असते. त्यांचं बी कानामागे, मांड्यांच्या आत जाऊन बसलं होतं आणि त्याभोवती केस वळले होते. कॉर्नफ्लोअर चोळून बोटांनी गाठीचे पदर वेगळे केले. मग कंगवा. तो टोकापासून सुरू करून थोडाथोडा मुळाकडे न्यायचा, आणि मुळाशी दोन बोटांनी केस धरून ठेवायचे, म्हणजे हिसका कातडीला बसत नाही. हे कुत्रे परक्याचा हात सहसा सहन करत नाहीत. पोरगा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. एका कानाला तासभर लागला.

मांडीतली गाठ मात्र कातडीला इतकी चिकटली होती, की मधून कंगवा जाईना. वासही येत होता. ती मी सोडली आणि दवाखान्यात न्यायला सांगितलं. तिथे मशीननं केस काढले, तर खाली ओली जखम निघाली.

"आधी असं नव्हतं," दुसऱ्या दिवशी पोरगा म्हणाला. "आजोबा रोज कंगवा फिरवायचे. पावसाळ्यात गेले ते."

घरातल्या कुणालाच कुत्रा आठवला नव्हता. त्यांना मी काय बोलणार? मन्नोनं अंग चाटणं बंद केलं तेव्हा मी महिनाभर म्हणत होतो, आळशी झाली. टाके घालताना डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून दाखवलं. हिरड्या सुजलेल्या. चाटलं की दुखायचं.

दुसरा कान संपेस्तोवर मगरिबची वेळ झाली. कुत्र्यानं माझं मनगट चाटलं. मी उठून हात धुतला, कुर्ता बदलला, वजू केलं. कंगवा पोराला देऊन टाकला.

आतून अम्मीचा आवाज आला, "उस कुत्ते ने कुछ खाया क्या?"

सकाळची भाकरी होती. तिनं ती स्वतःच बाहेर आणली आणि फाटकापासून चार हात लांब उभी राहून पोराच्या हातात दिली.