लिबर्टी ते नारायणगुडा : चौरस्त्यावरचं गाणं

हिमायतनगर म्हटलं की मराठवाड्यातल्या पाहुण्यांना आधी नांदेड जिल्ह्यातला तालुका आठवतो. आमचं हिमायतनगर हैदराबादच्या मधोमध आहे. लिबर्टी चौरस्त्यापासून नारायणगुडा चौरस्त्याकडे जाणारा एक वाहता रस्ता आणि त्याला दोन्ही बाजूंनी फुटलेल्या नंबरांच्या गल्ल्या. पत्ता सांगायचा तर 'स्ट्रीट नंबर' आधी सांगायचा, घराचा नंबर मागाहून.

हा रस्ता एकदा सावकाश चालून बघा. लिबर्टी टॉकीज आता नाही, पण चौकाला तिचंच नाव आहे. जवळच तिरुपती देवस्थानाचं बालाजी मंदिर. पुढे मखदूम भवन, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाचं कार्यालय. कामगारांचे पुढारी आणि उर्दूचे मोठे शायर मखदूम मोहिउद्दीन यांचं नाव त्याला दिलेलं आहे. याच भागात उर्दू हॉल आहे. नारायणगुड्याला पोचलात की केशव मेमोरियल शाळा लागते. ती 1940 साली न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ निघाली. 1907 साली सुरू झालेल्या विवेकवर्धिनी शाळेमागेही हेच केशवराव होते. तिथून बरकतपुरा आणि काचीगुडा ही जुन्या मराठी बिऱ्हाडांची वस्ती हाकेच्या अंतरावर. एवढ्याशा फेरीत तेलुगू, उर्दू आणि मराठी तिन्ही कानांवर पडतात.

सध्या यातल्या एका गल्लीत संध्याकाळी ड्रम्सही ऐकू येतात. माझी भाची आणि तिचे तीन मित्र एका खोलीत सराव करतात. दोघं मराठी, एक तेलुगू आणि ड्रम्सवर जुन्या शहरातला मुलगा. खिडक्यांना गाद्या लावल्या आहेत, तरी खालच्या आजोबांचा पंखा थरथरतो म्हणे. आपल्या मंडळाच्या येत्या दिवाळी स्नेहसंमेलनात त्यांना अर्धा तास मिळाला आहे. त्यांचा पहिलाच पूर्ण कार्यक्रम. चाली बसल्या आहेत, पण गायचं कोणत्या भाषेत यावर रोज वाद होतो.

इंग्रजीत गावं तर त्याची वाट या शहराने पाहिलेली आहे. 2015 मध्ये सुरू झालेला 'गॉडलेस' हा इथला डेथ मेटल बँड. आधी छोटे ईपी काढत त्यांनी 2021 मध्ये 'स्टेट्स ऑफ केऑस' हा पूर्ण अल्बम आणला. माझ्या कानाला ते झेपत नाही हे खरं, पण त्यांनी सिनेमाच्या दाराशी न थांबता आपला श्रोता मिळवला.

दुसरी वाट 'चौरस्ता' बँडची. नाव पाहा, तुमच्या-आमच्या रोजच्या बोलण्यातलं. लोकगीताचा बाज, रेगेचा ठेका, रॉकचं गिटार आणि तोंडात घरी बोलतात ती तेलुगू. त्यांचं 'ऊरेल्लिपोता मामा' हे गाणं यूट्यूबवरून घराघरांत गेलं. शीर्षकाचा अर्थ 'गावी निघून जाईन, मामा'. शहराला कंटाळलेला माणूस लाल बसने गावी परत जायचं म्हणतो. आपल्या एसटीची आठवण आली ना? भाचीने ते पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा मी खूश झालो. ती म्हणाली, "मामा, ते तुला नाहीत म्हणत. तेलुगूत पोरं मित्रालाही मामा म्हणतात."

2020 च्या सुरुवातीला कोरोना आला, तेव्हा हस्तांदोलन टाळा, लांबूनच हात जोडा असं सांगणारं याच बँडचं गाणं फोनाफोनांतून फिरलं. त्यांचा गायक राम मिरियाला पुढे बँडमधून बाहेर पडला. 'जातिरत्नालु'मधलं 2021 चं 'चिट्टी' आणि 2022 च्या 'डीजे टिल्लू'चं शीर्षकगीत त्याच्याच आवाजात आहे. म्हणजे ज्या सिनेमाला वळसा घालून पोरं निघाली, तोच त्यांच्या आवाजाला शोधत आला. बँडला यात फायदा झाला की तोटा, यावर भाचीच्या खोलीत दोन तट आहेत.

मग मराठीत का नको? मुंबईचा 'अभंग रीपोस्ट' संतांचे अभंग गिटार-ड्रम्सवर गातो आणि तरुण पोरं ते पाठ म्हणतात. पण आमच्या पोरांची अडचण निराळी आहे. "आमची मराठी पुण्याची नाही, लोक हसतील," असं ती सरळ म्हणतात. सुटीत पुण्याला गेलं की भावंडं बोलण्याची नक्कल करतात, हे त्यांच्या मनात बसलं आहे. घरात 'हौ' म्हणणारी मुलगी माइकसमोर 'हो' म्हणताना अडखळते.

त्यांना मी एकच सांगितलं. हैदराबादची दखनी ज्या शब्दांवरून देशभर ओळखली जाते, त्यात 'नक्को' आहे, 'कायकू' आहे. नक्को हे आपलं 'नको'. कायकूमध्ये आपलं 'काय'. 'वोइच', 'ऐसाइच' यांतला 'च' तर थेट मराठीचा. या शहराच्या जिभेवर मराठी कित्येक पिढ्यांपासून आहे. मग या शहराची भाषा आपल्या मराठीत मिसळली तर तिला अशुद्ध कशाला म्हणायचं? चौरस्ताच्या पोरांनी आपली बोली झाकली नाही, म्हणून ते गाणं त्यांचं वाटलं.

ड्रम्सवरच्या मुलाने हे ऐकून लगेच 'नक्को नक्को'वर ठेका धरला. त्यातून एक गाणं तयार होतंय. धृपद मराठी, एक कडवं तेलुगू, मध्ये दखनी. शेवट अजून जुळलेला नाही.

मंडळाच्या बैठकीत काही ज्येष्ठांनी आवाजाबद्दल कुरकुर केली. तीही रास्त आहे. तेव्हा स्पीकरचा आवाज आटोक्यात राहील आणि आजी-आजोबांच्या खुर्च्या मागच्या बाजूला असतील. पण त्यांनी उठून जाऊ नये, एवढी विनंती. तरुण वाचकांनो, तुम्ही मात्र पुढे बसा. तुमच्या घरात जे शब्द बोलले जातात आणि पाहुण्यांसमोर गिळले जातात, ते या वेळी मोठ्याने म्हणायचे आहेत. एखादा खास शब्द असेल तर आधीच कळवा. शेवटच्या कडव्यात जागा रिकामी आहे.