चालतेस ना, मग आता कशाला?

डिस्चार्जच्या कागदाचं अर्धं पान औषधांनी भरलं होतं. कॅल्शियम कधी घ्यायचं, कुठली गोळी जेवणाआधी, टाके कुठल्या तारखेला काढायचे, सगळं नीट लिहिलेलं. आणि तळाला एक ओळ : फिजिओथेरपी चालू ठेवा. कुठे, कोणाकडे, किती महिने, काही नाही. मी विचारलं, तर डॉक्टरांनी उत्तर दिलं माझ्या मुलाकडे बघून. "घर पे थोड़ा चलाते रहिए." खुबा माझा मोडलेला, पण मी जणू त्या खोलीत नव्हतेच. तो राग अजून गेलेला नाही.

आमचे हे बरगी धरणाच्या कामावर होते. धरण झालं, पुढे हे गेले, मी इथेच राहिले. मुलगा पुण्याला. न्हाणीघरात पाय घसरला, जबलपूरला ऑपरेशन झालं, हाडात रॉड बसला. त्यात सांगण्यासारखं काही नाही, ही गोष्ट घरोघरी ऐकायला मिळते.

ओळखीतून जबलपूरची एक फिजिओथेरपिस्ट मुलगी मिळाली. स्कूटीवर यायची. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबून धरायची, ओट्याला धरून टाचा उचलायच्या, घोट्याला मिठाचा पुडा बांधून पाय सरळ करायचा. सगळ्यात छळ म्हणजे हात न टेकता खुर्चीतून उठणं. मांड्या थरथरायच्या, आणि ही आपली "अम्मा, पाँच और" म्हणत उभी. माझं पाच आणि तिचं पाच कधी जुळलं नाही.

वॉकर सुटला, काठी आली. मग मुलाचा फोन : "आई, आता चालतेस ना, मग कशाला?" ऑपरेशनच्या खर्चाबद्दल घरात कोणी अवाक्षर काढलं नव्हतं, पण हिच्या फीचा हिशेब मात्र महिन्याच्या महिन्याला व्हायचा. बंद केलं.

त्यानंतर जे झालं ते कोणाला दिसलं नाही. मी चालतच होते. पण उंबऱ्याला पाय अडखळू लागला. खुर्चीतून उठताना हात आपोआप दांड्यावर जायचा. अंघोळीच्या वेळी भिंत धरायला लागले. मग दुपारी शेजारी जाणं टाळलं, कारण त्यांच्याकडे तीन पायऱ्या. फोनवर विचारलं की सांगायचं, बरी आहे. बरीच होते की! फक्त रोज थोडी थोडी खुर्चीला चिकटत होते.

शेवटी मीच तिला बोलावलं. तिने मोबाईलवर वेळ लावली : खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. जुन्या वहीतला आकडा काढून शेजारी लिहिला. मागच्यापेक्षा जास्त वेळ लागला होता. ती काही बोलली नाही, मिठाचा पुडा मागितला.

तिनेच मग सांगितलं की 2007 साली अमेरिकेत एक अभ्यास झाला होता. धडधाकट म्हाताऱ्या माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांचे जवळजवळ एक किलो स्नायू गेले. माझं तर हाड मोडलेलं.

2024 च्या ऑक्टोबरात सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान कार्ड मिळायला लागलं. चांगलंच झालं. पण त्यात दवाखान्यातून घरी आल्यावरचे 15 दिवसच धरलेत. हाड जुळायलाच तीन महिने लागतात, पायांत ताकद यायला त्याहून जास्त. सरकारच्या वृद्धांसाठीच्या आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची सोय सांगितलेली आहे, पण आम्हाला जिल्हा रुग्णालय म्हणजे जबलपूर. काठी घेऊन बसमध्ये चढता आलं असतं, तर मला त्या सोयीची गरजच काय होती? गावातल्या आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट बसवला, तर किती म्हातारी माणसं उठून चालतील.

एवढं लिहिलं, पण खरं सांगू? ती यायची असते तो दिवस मला आजही आवडत नाही. सकाळपासून वाटतं, आज तिची स्कूटी पंक्चर व्हावी.

तुमच्या घरात कोणाचं असं ऑपरेशन झालं, तर डिस्चार्जच्या वेळी त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारा : कोण करणार, किती दिवस, घरी येणार की नाही? आणि उत्तर पेशंटकडे बघून द्यायला सांगा. फी आता मी माझ्या पेन्शनमधून देते, मुलाला विचारत नाही.