पटाचं गणित

आमच्या गावातले आठवी ते दहावीचे वर्ग कागदोपत्री गावात नव्हतेच. ते तालुक्याच्या जिल्हा परिषद प्रशालेचे; आम्ही तिची शाखा. मुलं आमच्या पत्र्याखाली शिकायची, पण जनरल रजिस्टर तालुक्याला, शिक्का तालुक्याला, आणि दहावीचे फॉर्म भरायचे तेही प्रशालेच्याच इंडेक्स नंबरवर. दाखला हवा असला की आईबाप रोज बुडवून एसटीने जायचे आणि नेमका त्या दिवशी लिपिक रजेवर असायचा.

मराठवाड्यात निजामाच्या काळापासून हायस्कूल म्हणजे सरकारी, ही सवय. जिल्हा परिषदेच्या प्रशाला इकडे आजही बऱ्याच दिसतात त्या त्यामुळेच. ‘एखादी संस्था आणू’ असं कुणी सुचवलं की पारावरचे म्हातारे विचारायचे, “आन् फी तू भरनार का?” मागणी ठरलेली होती: शाळा स्वतंत्र हवी, पण जिल्हा परिषदेचीच.

ग्रामसभेचा ठराव, जागेचा उतारा, खोल्यांचे फोटो हे सगळं जमलं. गाडी अडली संचमान्यतेपाशी. शिक्षकांची पदं पटावर ठरतात. आमची मुलं वेगळी निघाली की मूळ प्रशालेचा पट घसरणार, पद कमी होणार आणि सेवाज्येष्ठता यादीत शेवटी असेल तो शिक्षक अतिरिक्त ठरून कुठेतरी लांब समायोजनाला जाणार. तिथल्या मुख्याध्यापकांनी नाहरकत पत्र अडवून ठेवलं तेव्हा गाव खवळलं. मोर्चाची भाषा सुरू झाली. मी शाखेचा प्रभारी, पण मला त्यांचा राग येईना. यादीत शेवटच्या होत्या विज्ञानाच्या बाई, घरात तान्हं मूल. त्यांच्या जागी मी असतो तर माझ्याही मुख्याध्यापकांनी हेच करावं असं मला वाटलं असतं. (हे गावात बोलायची सोय नव्हती.)

शेवटी तोड निघाली ती साधीच: बाईंना पदासह आमच्याकडे वर्ग करा. प्रस्तावात तेवढं एक वाक्य वाढवलं आणि नाहरकत सुटली. पुढे मंत्रालयातून मान्यता यायला लागला तो वेळ लागलाच, त्यावर काय लिहायचं!

गावाने नव्या पाटीला हार घातला. मला खरा आनंद झाला तो २७ने सुरू होणारा अकरा आकडी यू-डायस क्रमांक आला तेव्हा, आणि त्याहून जास्त लातूर विभागीय मंडळाचा इंडेक्स नंबर हाती पडला तेव्हा. मुख्याध्यापकाचं पद मंजूर झालं, माणूस आला नाही. लिपिकाचंही तेच. शिकवून झालं की मीच जावक क्रमांक टाकत बसायचो, आणि वीजबिलही आता आमच्याच नावाने येऊ लागलं.

बाई रुजू झाल्या. येताना जुन्या प्रशालेतली दोन सूक्ष्मदर्शकं डेडस्टॉक रजिस्टरला रीतसर नोंद करून सोबत घेऊन आल्या. तिथल्या मुख्याध्यापकांनी पोच तेवढी मागितली होती, दोन प्रतींत, नव्या शिक्क्यासह.