शेतकऱ्याची परवानगी कुठवर पुरते?

चि. सुहास,

तुझा परवानगीपत्राचा मसुदा वाचला. प्रवराकाठच्या शेतकऱ्यांकडून मेटल डिटेक्टर फिरवायची आणि सापडेल ते खणून काढायची लेखी परवानगी घ्यायची, हे न विचारता रानात शिरण्यापेक्षा केव्हाही चांगलं. पण शेतकरी तुला बांधाच्या आत येऊ देऊ शकतो. जमिनीखालचं जुनं धन उचलायची मुभा त्याच्या एकट्याच्या हातात नाही. सातबारा त्याच्या नावावर असला तरी १८७८चा गुप्तधनाचा कायदा लागू होतोच. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. न कळवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, त्याला साथ देणाऱ्या जमीनमालकाला सहा महिन्यांपर्यंत. सही करणारा ही जोखीम पत्करतो आणि मसुद्यात तिचा उल्लेखही नाही, हे मला खटकलं.

कायद्यापेक्षाही दायमाबादला झालं तसं पुन्हा होईल, याची मला काळजी जास्त वाटते. श्रीरामपूर तालुक्यातल्या या गावी १९७४मध्ये छबू लक्ष्मण भिल यांना झाडाची मुळं खणताना बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार ब्राँझची शिल्पं मिळाली. एकूण वजन साठ किलोंहून जास्त. ती वितळली नाहीत, सरकारजमा झाली, हे आपलं भाग्यच. पण ती मातीच्या कुठल्या थरात होती, हे जाणकाराने जागेवर पाहिलेलं नव्हतं. पुढे पुरातत्त्वज्ञ सालींनी तिथे अनेक हंगाम उत्खनन केलं, तरी वाद मिटला नाही. ढवळीकरांसारखे अभ्यासक ती उत्तर-हडप्पा काळातली मानतात. धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावर बोट ठेवून डी. पी. अग्रवालांनी त्यावर शंका घेतली. वस्तू हाती आहे आणि काळ हातातून निसटला आहे. घाईने खणलेल्या प्रत्येक खड्ड्यात हेच होतं, मग परवानगी कितीही रीतसर असो.

तू म्हणशील, उसासाठी ट्रॅक्टरने खोल नांगरट होते, जेसीबी सपाटीकरण करतो. तिथे थर उरलेत कुठे? हा आक्षेप खरा आहे. नांगरटीच्या मातीतली वस्तू तशीही हललेली असते, इंग्लंडमधले डिटेक्टर फिरवणारे छांदिष्टही हेच सांगतात. पण तिथे मालकाच्या संमतीच्या जोडीला १९९६चा गुप्तधनाचा कायदा आहे आणि सापडलेल्या वस्तूची जागेसकट नोंद घेणारे अधिकारी ठिकठिकाणी नेमलेले आहेत. आपल्याकडे ती सोय नाही. शिवाय यंत्राचा आवाज नांगराच्या तासापाशी थांबत नाही, आणि आवाज ऐकल्यावर माणूसही थांबत नाही. दुसरा आक्षेप असा, की कायद्याचा बाऊ केला तर शेतकरी सापडलेलं दडवेल. म्हणूनच त्याला कायद्याची दुसरी बाजूही सांगायला हवी : धन बेवारस ठरलं आणि वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याचं, उरलेलं जमीनमालकाचं, सरकारने घेतलं तर मोबदला देऊन.

तेव्हा मसुद्यातले ‘खणून काढणे’ हे शब्द खोड. यंत्र वाजलं तर जागा खुणेने राखायची, जिल्हाधिकाऱ्यांना आणि पुरातत्त्व विभागाला कळवायचं, असं कलम घाल. सामाईक खातं असेल तर सगळ्या खातेदारांच्या सह्या घे, आणि रान वाट्याने दिलं असेल तर वाटेकऱ्यालाही विचार. उभं पीक त्याचंही असतं. सुधारलेला मसुदा पाठव, पाहून देतो.

तुझा,
मामा