अठरा गुंठे, दोन ठिपके

गेल्या हिवाळ्यात ठाण्याच्या चुलतभावाचा फोन आला. आवासच्या वाडीला गिऱ्हाईक मिळालंय, मुंबईचंच आहे, बंगला बांधायचाय, भाव चांगला देतोय. सातबाऱ्यावर चार नावं आहेत. त्यांतलं एक पप्पांचं, एक दिमोनाच्या आत्याचं. दोघांनी कुलमुखत्यारपत्र पाठवलं की झालं. पप्पा 84 वर्षांचे आहेत, आई गेल्यापासून आमच्याकडे ईडन प्रेरीला असतात. फोन स्पीकरवर होता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "आधी मला वाडी बघू दे."

ती कुठून दाखवणार? डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास बंद केलाय. चुलतभावाने मोबाइलवर फोटो पाठवले: गंजलेलं फाटक, चार माड, एक विहीर. पप्पा म्हणाले, "हे कुठलंही असेल. अलिबाग तालुक्यात विहीर आणि माड नाहीत कुणाकडे?"

आमच्या दिवाणखान्यात ईडन प्रेरीचं एक मोठं पोस्टर आहे, उपग्रहातून घेतलेलं. हे घर घेतलं तेव्हा हौसेने लावलं होतं. खालच्या बाजूला मिनेसोटा नदीची वळणं, वर सगळीकडे सांडल्यासारखी तळी. चित्र हिवाळ्यातलं असल्याने तळी गोठलेली आहेत, पांढरी. पप्पा पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना वाटलं, ही मिठागरं आहेत! पेण-उरणकडच्या माणसाला दुसरं काय वाटणार? या गावाला ईडन हे नाव एलिझाबेथ एलेट नावाच्या लेखिकेने 1852 मध्ये दिलं. पप्पांना ते फार आवडतं. बेरेशीथमधली एदेनची बाग आपल्या पत्त्यात आली म्हणून दिमोनाला फोन करून सांगतात. (त्याच गावातून वाहणाऱ्या ओढ्याचं नाव पर्गेटरी क्रीक आहे, ते मात्र सांगत नाहीत.)

तर त्या पोस्टरकडे बोट करून पप्पा म्हणाले, "असं आपल्याकडचं मिळतं का?"

मिळतं. शहरांची अशी पोस्टरं विकणारे बरेच आहेत, मुंबईचं तर हमखास असतं. आम्ही मागवलं. आठवड्याने नळकांडं आलं, जेवणाच्या टेबलावर उलगडलं. वर वसईची खाडी, मधे संजय गांधी उद्यानाचा हिरवा ठिपका, बंदर, एलिफंटा. तळाच्या कडेला मांडव्याचं टोक, आणि तिथे कागद संपला. आवास त्याच्या थोडंच खाली. किहीम, नवगाव, थळ, अलिबाग, सगळं चौकटीच्या बाहेर. पप्पांनी कागद उलटा करून मागची बाजूसुद्धा पाहिली.

विकणाऱ्याची चूक नाही. मुंबई म्हणून मागवलं, मुंबई आली. पण वाचकहो, आपल्या लोकांसाठी ती चौकट चुकीची आहे. आपली मुंबई बंदराच्या पलीकडून सुरू होते. समाजी हसाजी दिवेकरांनी 1796 मध्ये मांडवीत आपलं पहिलं सिनेगॉग बांधलं, तेव्हा तिथे जमणारे लोक पाण्यापलीकडच्या गावांतून आलेले होते. आडनावं बघा की. पेणकर, रोहेकर, चौलकर, झिराडकर, थळकर, वाकरूळकर, अष्टमकर. आपल्या आडनावांतल्या गावांची यादी शंभराच्या वर जाते, आणि त्यांतली बरीचशी त्या पोस्टरच्या खालच्या कडेनंतर लागतात.

मग आम्ही ठरवलं, आपणच करू. इथून पश्चिमेला साडेतीन-चार तासांच्या रस्त्यावर, साउथ डकोटात सू फॉल्सजवळ इरॉस नावाचं सरकारी केंद्र आहे. लँडसॅट उपग्रहांनी 1972 पासून घेतलेली जगभराची चित्रं तिथे साठवलेली आहेत. 2008 पासून हा सगळा साठा फुकट खुला आहे, तिथे जायचीही गरज नाही, घरी बसून उतरवता येतो. आमच्या आवासच्या वाडीचं चित्र इतकी वर्षं आमच्या शेजारच्या राज्यात पडून होतं, याचं आम्हाला अजून नवल वाटतं.

लँडसॅटची एक चौकट सुमारे 185 किलोमीटर रुंद असते. मुंबई ज्या चौकटीत येते तिच्यातच अलिबाग, पेण, रोहा, मुरूड येतात. आपल्या पूर्वजांचं जवळजवळ सगळं कोकण एका चित्रात! पावसाळ्यातली चित्रं ढगांनी झाकलेली, म्हणून हिवाळ्यातलं शोधायचं ठरलं. तेव्हा पप्पांनी विचारलं, "वार कुठला?" आम्हाला वाटलं, शब्बाथला काढलेलं चित्र त्यांना चालणार नाही. झालं उलटंच. त्यांना शनिवारचंच हवं होतं. "आजोबांचा घाणा बंद असलेला दिवस," म्हणाले. शनिवार तेली हे नाव ज्या दिवसामुळे पडलं तो दिवस. एक उपग्रह 16 दिवसांनी त्याच जागेवर परत येतो, म्हणजे वार दर खेपेला दोनने पुढे जातो आणि सातव्या फेरीला पुन्हा शनिवार येतो. शोधत गेलो तर एक निरभ्र शनिवार सापडला. वेळ सकाळी अकराच्या सुमाराची.

बोरिवलीपासून रोह्यापर्यंत आणि खांदेरीपासून पेणच्या पलीकडपर्यंत एवढा तुकडा कापला. 24 बाय 36 इंचांचा कागद, एका सेंटिमीटरला एक किलोमीटर. नावं एकही छापली नाहीत. खरं सांगायचं तर ती कशी छापायची ते जमलं नाही.

बरं झालं. पप्पांनी चष्मा पुसला, आधी कनकेश्वराचा डोंगर शोधला. "तो सापडला की सगळं सापडतं." मग बोट समुद्राकडे आलं. किनाऱ्यालगतची गडद हिरवी पट्टी म्हणजे वाड्या, तिच्या मागे भातकापणी झालेली तपकिरी शेतं. बोट वरून खाली सरकायला लागलं. मांडवा, सासवणे, आवास, किहीम, नवगाव, थळ, वरसोली, अलिबाग. प्रत्येक ठिकाणी थांबून तिथे आपली कोणाची घरं होती, कोण कधी इस्रायलला गेलं, हे सांगत होते. आमच्या मुलांनी फोनवर रेकॉर्ड केलं. सव्वा तास झाला तरी बोट अलिबागच्या इस्रायल आळीतच होतं. रेवदंडा दुसऱ्या दिवशी.

नवगावला थांबले तेव्हा मात्र गप्प बसले. समुद्रात खांदेरी-उंदेरीचे दोन बारीक कण दिसतात. गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि नवगावच्या किनाऱ्याला लागल्या, ही आपली परंपरेची गोष्ट ज्या पाण्यातली, ते पाणी तिथे निळंकाळं दिसतं, बाकी काही नाही. हाइम सॅम्युएल केहिमकरांनी 1897 मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला, तो छापून निघाला 1937 मध्ये, तेल अवीवला. किहीमचं आडनाव, पुस्तक तेल अवीवचं. पप्पांचं बोट किहीमवरून नवगावला जायला दोन-चार सेंटिमीटर पुरले. नवगावच्या कबरस्तानातलं ते स्मारक चित्रात दिसत नाही, दिसणारही नाही. या चित्रातला एक ठिपका जमिनीवर 30 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद असतो. स्मारक त्याच्या एका कोपऱ्यातही हरवेल.

तेव्हा आमच्या धाकट्याने हिशेब मांडला. एक ठिपका म्हणजे 900 चौरस मीटर. वाडी अठरा गुंठ्यांची, म्हणजे 1,821 चौरस मीटर. भागले 900. "आजोबा, तुमची वाडी दोन ठिपक्यांची आहे." कागदावर अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठी. आम्हाला वाटलं पप्पा नाराज होतील. त्यांनी भिंग मागवलं.

आणि पुढचे तीन आठवडे ते दोन ठिपके शोधण्यात गेले. देवळाकडून येणारा रस्ता, ओढा, समुद्राकडची पुळण. रोज सकाळी खुर्ची ओढून बसायचे. सांगण्याच्या ओघात आम्ही कधीच न ऐकलेल्या गोष्टी निघाल्या. विहिरीवर रहाट होता आणि त्याचा बैल शनिवारी मोकळा असायचा. रोश होडेशला मलिद्यासाठी नारळ त्याच वाडीतून यायचे. 1958 मध्ये नोकरीसाठी मुंबईला निघाले तेव्हा रेवसच्या धक्क्यापर्यंत त्यांची आई चालत आली होती, आणि लाँच सुटल्यावर ती मागे वळली का तिथेच उभी राहिली, हे त्यांनी पाहिलं नाही. पुढे बसले होते, म्हणाले. मुंबई बघायची घाई होती.

आम्ही एक जुनं चित्रही काढून दिलं, 1970 च्या दशकातलं. त्यात न्हावा-शेवाचं बंदर नाही, थळचा खताचा कारखाना नाही. ठिपका आजच्यापेक्षा मोठा, त्यामुळे वाडी शोधायचा प्रश्नच नव्हता. शिवाय त्या वेळच्या उपग्रहावर निळा रंग टिपणारं साधन नव्हतं, म्हणून ती चित्रं वेगळ्या रंगांत बनवतात, झाडी लालभडक दिसते. "नारळ लाल असतात होय?" म्हणून पप्पांनी ते बाजूला ठेवलं. आम्हाला मात्र ते आवडतं. आता जिन्यात लावलंय.

शेवटी पप्पांनी पेन्सिलीने काचेवर खूण केली. ओढ्याच्या उत्तरेला. त्याच संध्याकाळी आम्ही दिमोनाला व्हिडिओ कॉल लावला, आत्याला खूण दाखवली. आत्या 1964 मध्ये गेली, पण तिचा आवाज अजून आवासच्या विहिरीवरचाच आहे. ती म्हणाली, "उत्तरेला? वेडा आहेस. ओढा ओलांडून आपण शाळेत जायचो, शाळा उत्तरेला. वाडी दक्षिणेला."

पप्पा म्हणाले, शाळा दुसरीकडे होती. आत्या म्हणाली, तू शाळेत जायचास कधी?

चुलतभावाला विचारलं तर तो म्हणाला, ओढा आता पाइपात घातलाय, कुठे होता त्याला नीट माहीत नाही, गिऱ्हाईक घाई करतंय.

मंगळवारी आम्ही दुसरी प्रत छापून दिमोनाला पाठवली, सोबत एक भिंग. आत्याने बजावलंय की चित्र हातात आल्याशिवाय ती सही करणार नाही, आणि पप्पांनीही करू नये. पप्पांचा कागद फ्रिजवर चुंबकाखाली आहे. रात्री झोपण्याआधी ते काचेवरची खूण हाताच्या बाहीने पुसतात, सकाळी पुन्हा करतात. काल ती जरा खाली सरकली होती.